बॅटरी लॅबमध्ये, आपण घरी

१ जूनला मासेमारी बंद होते आणि ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवतात. इंजिन उघडणं, जाळी सांधणं, रंगरंगोटी, सगळं याच दोन महिन्यांत उरकायचं असतं. बॅटऱ्याही याच काळात होडीवरून उतरतात. दिवे, जीपीएस, फिशफाइंडर, व्हीएचएफ वायरलेस, सगळं त्यांच्यावर चालतं. बॅटरी आणखी एक हंगाम काढेल की नवी घ्यायची, हा हजारो रुपयांचा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा अंदाजानंच दिलं जातं.

मी सिंधुदुर्गातल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळते. आमच्याकडे सर्जेकोट, आचरा, देवगडकडची मुलं शिकायला येतात. त्यांच्यातल्या एकानं तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हाच प्रश्न घेतला. त्याच्या वडिलांची होडी होती आणि दुकानातल्या टेस्टरवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. ते स्वाभाविकच होतं. दुकानातला टेस्टर काही सेकंद मोठा करंट ओढतो आणि व्होल्टेज किती पडलं ते दाखवतो. त्यावरून बॅटरी इंजिन फिरवू शकेल का ते कळतं, पण रात्रभर दिवे आणि वायरलेस चालवेल का, ते कळत नाही.

बॅटरीची क्षमता मोजायची रीत साधी आहे, वेळखाऊ आहे इतकंच. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, काही तास स्वस्थ ठेवायची, मग ठरलेला करंट एकसारखा ओढत राहायचा. दहा तासांच्या रेटिंगची १०० ॲम्पिअर-अवरची, म्हणजे १० ॲम्पिअर दहा तास देणारी बॅटरी असेल तर १० ॲम्पिअर. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, दर सेलला १.८ व्होल्ट ही खालची हद्द, म्हणजे एकूण १०.८ व्होल्टला थांबायचं. तोवर जितके तास गेले, त्यांना दहानं गुणलं की खरी क्षमता हातात येते. चांगली बॅटरी दहा तास घेते. त्याआधी चार्जिंग आणि विश्रांती धरली तर एका बॅटरीला दोन दिवस सहज लागतात.

पूर्वी आमच्याकडे हेच काम रिऑस्टॅटवर, म्हणजे सरकवून कमी-जास्त करायच्या रेझिस्टन्सवर, चालायचं. ॲमीटर बघत रिऑस्टॅट सरकवायचा आणि दर अर्ध्या तासानं वहीत आकडा लिहायचा. अडचण संध्याकाळी यायची. कॉलेज बंद होतं, लॅबला कुलूप लागतं, बॅटरी मात्र अर्धीच रिकामी झालेली असते. उरलेली टेस्ट दुसऱ्या दिवशी घ्यावी तर ती टेस्टच राहत नाही. लोड काढून रात्रभर ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी सावरते. प्लेटजवळ पातळ झालेल्या ॲसिडमध्ये आजूबाजूचं ॲसिड मिसळतं, व्होल्टेज चढतं आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तासभर जास्त देते. येणारा आकडा फसवा असतो, तोही बॅटरीच्या बाजूनं. रात्री थांबायची परवानगी मिळत नव्हती आणि ती मिळू नये असंच माझंही मत होतं. पावसाळ्याची रात्र, ॲसिडच्या बॅटऱ्या आणि मोकळ्या इमारतीत एकटा विद्यार्थी, हे कुणालाच चालणारं नव्हतं.

म्हणून रात्रीचं काम कॉम्प्युटरवर सोपवायचं ठरलं. हाताशी दोन उपकरणं होती. एक नवा डीसी इलेक्ट्रॉनिक लोड, ज्याला मागे लॅनचं, म्हणजे नेटवर्कच्या तारेचं, सॉकेट आहे. हा लोड म्हणजे करंट पक्का धरून ठेवणारा रिऑस्टॅट. व्होल्टेज कितीही उतरो, १० ॲम्पिअर म्हटलं की १० ॲम्पिअरच ओढतो, आणि बॅटरीतली ऊर्जा उष्णता करून पंख्यानं बाहेर फेकतो. दुसरं उपकरण जुनं, पण लॅबचा अभिमान असलेलं: हेवलेट-पॅकार्डचा ३४४०१ए मल्टिमीटर, साडेसहा अंकांचा. तो बॅटरीच्या अंगाला चिकटवलेल्या पीटी-१०० सेन्सरचा रेझिस्टन्स चार तारांनी मोजणार होता. हा सेन्सर ० अंशाला १०० ओम असतो आणि २७ अंशांना साधारण ११०.५ ओम. बॅटरीची क्षमता तापमानावर हलते म्हणून तापमान हवंच. आपल्याकडे अशा बॅटऱ्यांचं रेटिंग २७ अंशांवर धरतात, आणि कोकणातल्या जुलैत लॅबचं तापमान त्याच्या आसपासच फिरतं. इतर बाबतीत ही दमट हवा फार त्रास देते, या एका बाबतीत तिनं मदत केली.

मुलाला वाटत होतं की कॉम्प्युटरला जोडायचं म्हणजे त्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल. मग मी त्याला थोडा इतिहास सांगितला, कारण तो कळला की पुढचं सगळं कळतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हेवलेट-पॅकार्डनं आपली मापनयंत्रं एकमेकांना जोडायला एक केबल तयार केली, एचपी-आयबी. १९७५ मध्ये ती आयईईई ४८८ या नावानं सर्वांसाठीचं मानक झाली आणि लॅबमध्ये जीपीआयबी म्हणून रुळली. चोवीस पिनांचा जाडजूड कनेक्टर, एकावर एक बसवता येणारा. एका साखळीत जास्तीत जास्त पंधरा उपकरणं, केबलची एकूण लांबी २० मीटरच्या आत. तार एक झाली, तरी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळीच राहिली. एकाच कामासाठी एक मीटर एक हुकूम मागायचा, दुसरा वेगळाच. १९९० मध्ये स्किपी नावाची सामायिक हुकूम-भाषा ठरली आणि हा गोंधळ बराच निवळला. आज उपकरणाला यूएसबी असो, लॅन असो की जुनं सिरीयल पोर्ट, आतली भाषा बहुधा स्किपीच असते. साध्या अक्षरांत हुकूम लिहायचा, ओळ संपवायची, आणि उत्तर हवं असेल तर शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचं. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नव्हती. पायथॉन ही प्रोग्रॅमची भाषा आणि उपकरणांशी बोलणारी त्यातली पायव्हिसा ही लायब्ररी, दोन्ही फुकट आहेत.

पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात: *आयडीएन? म्हणजे, तू कोण? लोडनं लॅनवरून लगेच कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर आणि आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगितली. ती अक्षरं पडद्यावर उमटल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. वीस वर्षं शिकवूनही त्या क्षणी मलाही तसाच होतो.

मल्टिमीटरनं मात्र बराच वेळ तोंड उघडलं नाही. तो जन्माला आला त्या काळी लॅनचं सॉकेट देण्याची पद्धत नव्हती. जीपीआयबी आणि आरएस-२३२, म्हणजे जुनं सिरीयल पोर्ट, हे दोनच रस्ते, आणि जीपीआयबीचं यूएसबी अडॅप्टर आमच्या बजेटबाहेरचं. म्हणून सिरीयल. तिथे एकेक गाठ सोडवत जावं लागलं. हा मीटर कारखान्यातून जीपीआयबीवर, पत्ता २२, असा येतो. आधी समोरच्या मेन्यूत जाऊन त्याला आरएस-२३२ वर वळवायचं. मग वेग: ९६०० बॉड. आजची बहुतेक उपकरणं आठ बिट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही अशी असतात, हा मूळ सेटिंगला सात बिट आणि इव्हन पॅरिटी मागतो. दोन्ही टोकं जुळली नाहीत तर उत्तराऐवजी विचित्र चिन्हं येतात. केबल सरळ चालत नाही, पाठवणारी आणि घेणारी तार उलटसुलट केलेली लागते, आणि डीटीआर-डीएसआर या दोन ‘थांब-चल’च्या ताराही त्यात हव्यात. बाजारातल्या स्वस्त केबलमध्ये फक्त तीन तारा असतात. आम्ही स्वतःच सोल्डर करून केबल बनवली. आणि शेवटची गाठ: सिरीयलवर मोजणीचे हुकूम देण्याआधी त्याला ‘सिस्टिम रिमोट’ हा हुकूम द्यावा लागतो. तो दिला, समोरच्या पडद्यावर रिमोटची खूण लागली, आणि मीटर बोलू लागला.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. हुकूम पाठवला आणि काही झालं नाही, तर अंदाज बांधत बसू नये, उपकरणालाच विचारावं. ‘सिस्टिम एरर?’ असं विचारलं की आतल्या रांगेतली पहिली तक्रार बाहेर येते. उणे ११३ आलं तर हुकूमाचं नावच त्याला माहीत नाही. उणे ४१० आलं तर आधीचं उत्तर उचलायच्या आतच पुढचा प्रश्न विचारला गेला. शून्य येईपर्यंत विचारत राहायचं, म्हणजे रांग रिकामी होते. आमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सेटिंगनंतर हा प्रश्न आहे. वेळ थोडा जातो, पण रात्री दोन वाजता कुणी चुकीच्या रेंजवर मोजत बसत नाही.

उणे ४१० बद्दल थोडं अधिक. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला मीटर अशा पूर्ण आवर्तनांवर सरासरी घेतो, म्हणजे मेन्सची, भिंतीतल्या विजेची, गुणगुण आपोआप कटते. ३४४०१ए ला १०० आवर्तनांची सरासरी सांगितली तर एका मोजणीलाच दोन सेकंद लागतात. शिवाय तो दर वेळी स्वतःचा शून्य तपासतो, त्यामुळे वेळ दुप्पट, चार सेकंद. आणि पायव्हिसा स्वतःहून फक्त दोन सेकंद वाट बघते. म्हणजे मीटर अजून मोजतो आहे आणि कॉम्प्युटर ‘उत्तर नाही’ म्हणून पुढे निघून गेला. सिरीयल तारेवर याचं रूप आणखी फसवं होतं. उशिरा आलेलं उत्तर पुढच्या प्रश्नाला चिकटतं आणि त्यानंतरचा प्रत्येक आकडा एक पायरी मागचा असतो. तापमान हळू बदलतं, त्यामुळे आकडे बघून काहीच संशय येत नाही. उपाय दोन. वाट बघायची मुदत वाढवून दहा सेकंद करणं, आणि १०० आवर्तनांचा मोह सोडून दहावर येणं. तापमानाला तेवढी अचूकता पुष्कळ झाली.

आता खऱ्या प्रश्नाकडे येते. उपकरणं बोलू लागली की वाटतं काम झालं. पायथॉनमध्ये एक चक्र लिहायचं: दर दहा सेकंदांनी व्होल्टेज विचार, १०.८ च्या खाली गेलं की लोड बंद कर. दिवसा, समोर बसून हे सुरेख चालतं. पण मी घरी गेले, कॉम्प्युटर मध्येच अडकला, लॅनची तार निघाली किंवा प्रोग्रॅम कसल्याशा एररनं थांबला, तर लोडला ते कळतच नाही. त्याला शेवटचा हुकूम मिळालेला असतो ‘१० ॲम्पिअर ओढ’, आणि तो इमानानं ओढत राहतो. सकाळी येईपर्यंत बॅटरी मुळापर्यंत रिकामी झालेली असते. लेड-ॲसिडला हे सोसत नाही. प्लेटवर कडक सल्फेट बसतं, आणि कमकुवत सेल असेल तर इतर सेल त्याला उलटं चार्ज करतात. ज्या बॅटरीची तब्येत बघायला घेतली तिचाच जीव जायचा.

मुलाचे वडील पहिली बॅटरी घेऊन आले तेव्हा त्यांनी हेच विचारलं, आपल्या शब्दांत. “मॅडम, रात्रभर यंत्राकडे कोण बसतला?” मी म्हटलं, कोणी नाही, कॉम्प्युटर बघेल. ते जरा थांबून म्हणाले, “बगूंदे. पण माझी बॅटरी मारू नकात.”

म्हणून आम्ही थांबण्याचा अधिकार कॉम्प्युटरकडे ठेवलाच नाही. या लोडमध्ये बॅटरी-टेस्टची स्वतःची सोय आहे. शेवटचं व्होल्टेज, जास्तीत जास्त ॲम्पिअर-अवर आणि जास्तीत जास्त वेळ, या तिन्ही हद्दी त्याच्याच आत भरता येतात. यातली कुठलीही ओलांडली की तो स्वतःच सुटतो, म्हणजे करंट ओढणं थांबवतो, कॉम्प्युटर जिवंत असो वा नसो. कॉम्प्युटरनं सुरुवातीला या हद्दी भरायच्या, त्या वाचून खात्री करायची, आणि मग फक्त नोंद ठेवायची. प्रोग्रॅममधली १०.८ ची तपासणी काढली नाही, पण ती दुसरी फळी झाली.

तिसरी फळी तारेतच. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच २० ॲम्पिअरचा डीसी फ्यूज, कारण लीडवर कुठेही शॉर्ट झाला तर अशी बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओतू शकते आणि त्याला कुठलाही प्रोग्रॅम अडवू शकत नाही. त्यापुढे एक कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज असेपर्यंतच मिटलेला राहणारा स्विच, ज्याची कॉइल लोडच्याच पुरवठ्यावर धरलेली. पुरवठा गेला की तो आपोआप उघडतो. आणि त्याच कॉइलच्या वाटेवर दाराजवळ मशरूमसारख्या डोक्याचा लाल स्विच. आमच्या लॅब असिस्टंट काकांना स्किपी येत नाही, यायची गरजही नाही. काही विपरीत दिसलं तर तो लाल स्विच दाबायचा, एवढं त्यांना माहीत आहे. याच कारणानं लोडचं समोरचं पॅनल कॉम्प्युटरवरून कुलूपबंद करायची सोय असूनही आम्ही ती वापरत नाही. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला यंत्र थांबवता आलंच पाहिजे.

हे सगळं बॅटरी न लावताच तपासलं. बॅटरीच्या जागी प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय जोडला, १२.६ व्होल्टवर, आणि लोडला फक्त २ ॲम्पिअर ओढायला लावलं. मग सप्लायचं व्होल्टेज हळूहळू उतरवत नेलं, जणू बॅटरीच रिकामी होते आहे. लोड १०.८ ला सुटला. पुन्हा केलं, या वेळी मध्येच लॅनची तार उपटली. तरी सुटला. पुन्हा, या वेळी प्रोग्रॅम मारून टाकला. पुन्हा, लोडचा पुरवठाच बंद करून: कॉन्टॅक्टरचा खट्ट आवाज आला, आणि वीज परत दिल्यावर लोड बंद अवस्थेतच जागा झाला. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. काही उपकरणांत वीज आल्यावर आधीच्या स्थितीत परत जाण्याचं सेटिंग असतं. ते कुठे आहे हे शोधून ‘बंद’वर ठेवल्याशिवाय कुठलंही उपकरण एकटं सोडू नये. मुलं कंटाळली होती, त्यांना खरी बॅटरी लावायची घाई होती. मी मात्र या तपासण्या सोडू दिल्या नाहीत, आणि आता तीच मुलं धाकट्या वर्गाला त्या करून दाखवतात.

खरी बॅटरी लावल्यावर वेगळाच पेच दिसला. लोडचा पडदा बॅटरीच्या टोकांपेक्षा दोन-दशांश व्होल्ट कमी दाखवत होता. तारा आणि सांधे मिळून फक्त ०.०२ ओम रेझिस्टन्स, पण त्यातून १० ॲम्पिअर गेले की ०.२ व्होल्ट तिथेच पडतात. म्हणजे बॅटरी ११ व्होल्टवर असतानाच लोड १०.८ समजून थांबणार, आणि चांगली बॅटरी उगाच बदनाम होणार. यासाठी लोडला मागे सेन्सची दोन टोकं असतात. त्यांच्या बारीक तारा थेट बॅटरीच्या टर्मिनलवर नेल्या. त्यांतून करंट जवळजवळ जात नाही, म्हणून त्यांत व्होल्टेज पडत नाही आणि खरा आकडा येतो. सेन्सची तार सुटली तर काय होतं, तेही सप्लायवर परत जाऊन तपासलं. आमच्या लोडला व्होल्टेज शून्याजवळ दिसलं आणि तो थांबला. दुसऱ्या मॉडेलमध्ये असंच होईल असं धरू नये, आपापलं तपासावं.

घरून बघायची व्यवस्था त्यामानानं लवकर झाली, पण तिथेही एक नियम पाळला. स्किपीला पासवर्ड नाही. लॅनवरचा कुठलाही कॉम्प्युटर ५०२५ नंबरच्या पोर्टवर जाऊन लोडला हुकूम देऊ शकतो, आणि लोड तो निमूट ऐकतो. अशी उपकरणं इंटरनेटला कधीही उघडी ठेवायची नसतात. आमच्या कॉलेजचं नेटवर्क बघणाऱ्या सरांनी राउटरमधून पोर्ट उघडून द्यायला साफ नकार दिला, आणि मी त्यांची आभारी आहे. उपकरणांसाठी वेगळा छोटा स्विच घेतला, बाहेरच्या जगाशी संबंध नसलेला. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर उपकरणं आणि कॉलेजचं नेटवर्क यांच्या मध्ये बसवला: एक टोक उपकरणांच्या लॅनवर, दुसरं कॉलेजच्या वायफायवर. बाहेरून यायचं तर व्हीपीएन या कुलूपबंद खासगी वाटेनं, किल्लीच्या फाइलनं, त्या पायपर्यंतच. प्रोग्रॅम चालतो तो पायवर. मी घरून त्याच्या खिडकीत डोकावते, इतकंच.

हा फरक कोकणात फार कामाचा आहे. आषाढात इकडे झाड पडतं, खांब वाकतो, फायबर तुटते. घरचं नेट रात्री जाणारच, असं धरूनच चालावं लागतं. प्रोग्रॅम माझ्या घरच्या लॅपटॉपवर असता आणि तिथून हुकूम जात असते, तर तार तुटली की नोंदही तुटली असती. पायवरचा प्रोग्रॅम टीमक्स या साधनात सुरू केलेला असतो, त्यामुळे माझं कनेक्शन गेलं तरी तो मागे चालत राहतो. प्रत्येक ओळ लिहिली की लगेच मेमरी कार्डवर उतरवतो, म्हणजे पाय जरी अचानक बंद झाला तरी तोवरची नोंद शाबूत असते.

विजेचा प्रश्न वाटला होता त्याहून सोपा सुटला. इलेक्ट्रॉनिक लोडला मेन्सची वीज लागते ती फक्त स्वतःच्या मेंदूसाठी आणि पंख्यासाठी. १२० वॉटची उष्णता बॅटरीतून येते, भिंतीतून नाही. त्यामुळे लोड, पाय, मीटर आणि कॉन्टॅक्टरची कॉइल, सगळं मिळून साध्या यूपीएसवर बराच वेळ तग धरतं. यूपीएस यूएसबीनं पायला जोडला आहे. त्याची बॅटरी संपत आली की पाय स्वतःच लोड सोडतो, ‘वीज गेली, टेस्ट अपुरी’ अशी ओळ लिहितो आणि बंद होतो. अपुरी टेस्ट आम्ही सांधत नाही. बॅटरी पुन्हा चार्ज, पुन्हा विश्रांती, पुन्हा पहिल्यापासून. मालकांना हे आधीच सांगतो.

वादळी पावसात विजा चमकू लागल्या की नवी टेस्ट लावतच नाही. आणि खाऱ्या हवेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. सिरीयलच्या कनेक्टरवर हिरवट थर चढतो, सेन्सच्या क्लिपांवर लवकर गंज येतो. दर टेस्टआधी क्लिपा घासून पुसायच्या, हे काकांनी स्वतःहून अंगावर घेतलं आहे.

त्या होडीच्या बॅटरीची टेस्ट दुपारी सुरू केली आणि संध्याकाळी लॅब बंद केली. घरी जेवण आटोपून लॅपटॉप उघडला. लोड लागताच व्होल्टेज थोडं बसलं होतं, मग तासन्‌तास अगदी सावकाश उतरत होतं. लेड-ॲसिडचा आलेख असाच असतो: लांब सपाट उतार आणि शेवटी कडा. मी कड्याची वाट बघत होते. मध्ये नेट गेलं. बाहेर पाऊस इतका होता की खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. काळजी वाटली का? बॅटरीची नाही. ती सुटणार हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. उत्सुकता मात्र खूप होती. नेट आलं तेव्हा टेस्ट संपलेली होती. सहा तास आणि थोडी मिनिटं. म्हणजे १०० ची बॅटरी साधारण ६२ ॲम्पिअर-अवर देत होती.

पण खरी गोष्ट त्या आकड्यात नव्हती. आलेखाला कडा नव्हताच. व्होल्टेज पावणेबारापर्यंत शांतपणे उतरत आलं आणि तिथून थोड्याच मिनिटांत दोनेक व्होल्टची पायरी उतरू लागलं, तेवढ्यात लोडनं हात सोडला. दोन व्होल्ट म्हणजे एक सेल. पाच सेलमध्ये अजून दम होता, सहावा एकटा बसला. दुसऱ्या दिवशी ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घालून सहाही सेल तपासले तर एका सेलचं ॲसिड बाकीच्यांपेक्षा स्पष्टच हलकं निघालं. अर्ध्या तासानं वहीत आकडे लिहिताना ही पायरी दोन नोंदींच्या मध्ये हरवून जाते आणि एवढंच कळतं की बॅटरी संपली. दर दहा सेकंदांच्या नोंदीत ती कशानं संपली ते दिसतं. प्लेट म्हाताऱ्या झाल्या असतील तर उतार हळूहळू वाकतो. एक सेल गेला असेल तर पायरी पडते. पहिल्या प्रकारची बॅटरी कमी कामाला लावून आणखी चालवता येते. दुसऱ्या प्रकारची समुद्रावर न्यायची नाही, कारण ती कधी बसेल याचा नेम नसतो.

आलेख कागदावर काढून वडिलांना दाखवला. त्यांनी पायरीवर बोट ठेवून विचारलं, “हयच मेली?” हो, हयच. त्यांनी नवी बॅटरी घेतली. मग त्यांच्या वाडीतल्या इतरांच्याही बॅटऱ्या येऊ लागल्या, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्यांना निकाल हवा म्हणून रांग लावावी लागली. काही बॅटऱ्या ऐंशी टक्क्यांच्या वर निघाल्या आणि नवी घ्यायला निघालेल्या माणसांचे पैसे वाचले. याचं मला जास्त समाधान आहे.

एका तरुण तांडेलानं, म्हणजे होडीच्या कप्तानानं, मोबाईलवर आलेख बघायला मिळेल का विचारलं. मुलांनी दोन संध्याकाळी बसून एक साधं पान बनवलं. पाय दर मिनिटाला फक्त आकड्यांची फाइल बाहेर ठेवतो आणि ते पान ती वाचतं. त्या वाटेनं आत हुकूम जात नाही. त्यावर ‘सुरू करा’चं बटण असावं असा मुलांचा आग्रह होता, ते मी होऊ दिलं नाही. बॅटरी लावताना क्लिपा घट्ट आहेत का, धन-ऋण बरोबर आहे का, व्हेंटची झाकणं नीट आहेत का, खिडकी उघडी आहे का, हे बघायला माणूस लॅबमध्येच लागतो, आणि हे बघितल्यानंतर त्यानंच तिथल्या कीबोर्डवरून टेस्ट सुरू करायची. दुरून फक्त दोन गोष्टी होतात, बघणं आणि थांबवणं. थांबवायचं बटणही माझ्या आणि काकांच्या फोनवर आहे, व्हीपीएनच्या आत.

पुढच्या पावसाळ्यासाठी दुसरा लोड मागितला आहे. तो आला तर दोन बॅटऱ्या एकदम लावता येतील. पायच्या प्रोग्रॅममध्ये त्याचा पत्ता आणि त्याच्या स्वतःच्या हद्दी भरायची जागा मुलांनी आत्ताच करून ठेवली आहे, आणि सप्लायवरच्या सगळ्या तपासण्या त्याच्यावरही नव्यानं होतील.